तिरुवलंचुळी ते पोन्मलै : कावेरीकाठच्या कामगारांची कहाणी

(अभ्यासवर्गातील भाषण)



कुंभकोणमचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी देवळांमुळे ऐकले आहे, नाहीतर कॉफीमुळे. आज आपण या शहराकडे दुसऱ्या बाजूने पाहणार आहोत. तिथे काम कोणी केले आणि त्या कामाची नोंद कुठे राहिली, एवढाच आपला प्रश्न आहे.

सुरुवात शहराच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर असलेल्या तिरुवलंचुळी या गावापासून करू. तमिळमध्ये 'वलम्' म्हणजे उजवी बाजू आणि 'सुळि' म्हणजे वळसा. कावेरी इथे उजवीकडे वळते, म्हणून गावाचे हे नाव. नदी वळते तिथे गाळ साचतो, गाळावर भात पिकतो आणि भात पिकतो तिथे माणूस टिकतो. सातव्या शतकात संबंदर आणि अप्पर या शैव संतांनी इथल्या शिवस्थानावर पदे रचली, म्हणजे वस्ती त्याआधीपासूनची. पुढे राजराज चोळाची राणी लोकमहादेवी हिने इथे क्षेत्रपालाचे देऊळ बांधले.

याच आवारात श्वेत विनायक आहे आणि त्याच्या मंडपात दगडात कोरलेली जाळीची खिडकी आहे. जुन्या काळी पाथरवट देवळाचे काम अंगावर घेताना करारात एक अट घालत, असे सांगतात : बाकी काहीही कोरून देऊ, पण तिरुवलंचुळीची जाळी आणि आवुडैयारकोविलची दगडी वळचण सोडून! कामगाराने आपल्या कामाची हद्द आधीच ठरवून घेण्याचा हा नमुना आम्हाला फार आवडतो.

या परिसरात तेव्हा कुडमुक्कु आणि पळैयारै अशी जोडवस्ती होती. कुडमुक्कु हेच आजचे कुंभकोणम, आणि पळैयारैला चोळांचा राजवाडा होता. इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरचे मोठे देऊळ १०१० मध्ये पुरे झाले. त्याच्या भिंतीवर जो लेख आहे तो प्रत्येक रेल्वे आणि पोस्ट कामगाराने समजून घ्यावा. त्यात देवळाच्या चारशे नर्तकींची नावे आहेत, कोणाला कुठल्या गल्लीतले कितवे घर मिळाले ते आहे, आणि वेतनही आहे : एका वाट्याला वर्षाचे शंभर कलम भात देणारी जमीन. वादक, शिंपी, सुतार, हिशेबनीस यांचेही वाटे ठरलेले आहेत. सेवेतले माणूस वारले तर जवळच्या नातेवाइकाने ते काम करावे आणि तो वाटा घ्यावा, असेही नमूद आहे. अनुकंपा नियुक्तीसाठी आपण किती वर्षे अर्ज करतो ते आठवा! अर्थात ती माणसे स्वतंत्र नव्हती. पण हक्क लेखी होता, तोही दगडावर.

पुढे नायक आले आणि १६७६ च्या सुमारास व्यंकोजी भोसले. तंजावरच्या दरबाराची मराठी कागदपत्रे मोडीत आहेत, आणि १८०३ मध्ये त्याच मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो आणि वाटावाही. मात्र तो लेख घराण्याचा आहे, कुळांचा किंवा विणकरांचा नव्हे. १७९९ मध्ये कारभार कंपनीकडे गेला, १८५५ मध्ये राज्यच संपले. मराठी घरातले सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा इथे दिवाण झाले. शिकलेल्या माणसांना अशी वाट सापडली.

१८६१-६२ मध्ये नागपट्टणम बंदर तिरुचिरापल्लीला रेल्वेने जोडले गेले आणि १८७७ मध्ये कुंभकोणमला गाडी आली. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम् पर्वाला यात्रेकरू गाडीने येऊ लागले, भात गाडीने जाऊ लागला. शहराला धुराडी आली नाहीत. इथला उद्योग म्हणजे रेशमी माग, पितळी भांडी, विड्याची पाने. मोठा कारखाना होता तो नागपट्टणमला, रेल्वेचे वर्कशॉप.

तेच वर्कशॉप लढ्याचे कारण झाले. साउथ इंडियन रेल्वे कंपनीने सगळी वर्कशॉपे तिरुचीजवळ पोन्मलैला, म्हणजे गोल्डन रॉकला, एकत्र करायचे ठरवले आणि तीन हजारांहून अधिक कामगारांच्या छाटणीचा घाट घातला. छाटणी करायची कशी? तर 'ट्रेड टेस्ट' घेऊन. ज्यांनी वर्षानुवर्षे इंजिने दुरुस्त केली त्यांची परीक्षा! १९ जुलै १९२८ च्या मध्यरात्री सार्वत्रिक संप सुरू झाला. दडपशाही झाली, पुढारी पकडले गेले आणि ३० जुलैला संप मागे घ्यावा लागला. सिंगारवेलू आणि मुकुंदलाल सरकार यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात कमी झाली. संप हरला हे खरे. पण पोन्मलैचा कामगार मोडला नाही. ५ सप्टेंबर १९४६ ला तिथे गोळीबार झाला आणि पाच कामगार मेले. आज आपल्या हातात सेवापुस्तिका आहे, ज्येष्ठता यादी आहे. त्यामागे या माणसांचे रक्त आहे.

आता पुन्हा तिरुवलंचुळीकडे येऊ. शेजारीच स्वामीमलै आहे. कावेरीच्या गाळाची माती, मेणाची मूर्ती, मेण वितळून गेल्यावर त्या पोकळीत ओतलेली धातू, असे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपल्याकडचे ओतारी ते लगेच ओळखतील. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमपुढे उभी राहिलेली सत्तावीस फुटी, सुमारे अठरा टनांची नटराजमूर्ती इथल्याच स्थपतींनी घडवली. ती गेली मात्र रस्त्याने, रेल्वेने नव्हे!

स्थपतींची नावे वर्तमानपत्रांत आली. पण भट्टीपुढे उभा राहणारा, कानस मारणारा, पॉलिश करणारा कोण? भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो. पाच-सात माणसांच्या ओतशाळेत मालकाने आपणहून केले तरच खाते. हजार वर्षांपूर्वीच्या शिंप्याचा वाटा भिंतीवर वाचता येतो, आजच्या कानसवाल्याचा कुठल्या कागदावर वाचायचा?

कुठल्या गल्लीत कुठली ओतशाळा आहे, आत साधारण किती माणसे बसतात, हे त्या भागातल्या पोस्टमनला ठाऊक असते. यादी करायची झाली तर तिथून सुरुवात करता येईल.