पलटणची पकड

पुण्याच्या मंडईत भाजी घ्यायला गेलेला माणूस कबड्डी ऐकून परत येऊ शकतो. अठराशे शहाऐंशीपासून उभ्या असलेल्या या अष्टकोनी इमारतीच्या आसपास, शुक्रवार पेठेत म्हणा की कसबा-रविवारात, कधी काळी मातीत हुतूतू खेळलेले काका अजून भेटतात. व्यावसायिक कबड्डी लीगचा नवा मोसम जवळ आला की त्यांची चर्चा ठरलेली. लिलावात कोणाला किती मिळाले? चढाईला कोण? पुणेरी पलटणचा कर्णधार यंदा फिट आहे ना? बचावाबद्दल फार तर एक वाक्य येतं, “कोपरे बरे आहेत.” आज मला त्या एका वाक्यावर बोलायचं आहे.

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल संघांची सरावशिबिरं फेब्रुवारीत भरतात. तिथे सगळ्यांत आधी हजर होतात पिचर आणि कॅचर. बाकीचे खेळाडू काही दिवसांनी येतात. तिन्ही तळांवरचे क्षेत्ररक्षक, दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधला शॉर्टस्टॉप आणि फलंदाजाच्या मागे उकिडवा बसलेला कॅचर, या मंडळींची पहिला सामना होण्याआधीच बारकाईने झडती घेतली जाते. कोणाचा हात मंदावला, कोणाचा गुडघा कुरकुरतोय, दोघांचं एकमेकांशी जमतं का. आपल्या कबड्डीत बरोबर याच जागी दोन कोपरारक्षक आणि दोन मध्यरक्षक उभे असतात. त्यांची अशी झडती मात्र आपण घेत नाही.

पुणेरी पलटणचे गेले काही मोसम पाहा. दोन हजार बावीसच्या लिलावात पलटणने इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली याला १ कोटी ३८ लाखांना घेतलं आणि कर्णधार केलं. पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. पुढच्या मोसमासाठी दुसरा इराणी डावा कोपरारक्षक आला, मोहम्मदरेझा शादलुई. किंमत २ कोटी ३५ लाख. या पठ्ठ्याने त्या मोसमात पकडीचे ९९ गुण मिळवले, स्पर्धेत सर्वाधिक. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पहिलं विजेतेपद मिळवलं. मग शादलुई गेला हरयाणाकडे, आणि २९ डिसेंबर २०२४ला, आपल्याच बालेवाडीत, हरयाणा विजेता झाला. पलटण त्या वर्षी पहिल्या सहांतही नव्हती.

एवढ्यावर कोणीही म्हणेल, झालं, शादलुई जिथे तिथे करंडक. मंडईत हा मुद्दा इतक्या जोरात मांडला जातो की समोरच्याने गप्प बसावं. पण २०२५मध्ये हाच खेळाडू २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे गेला आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. उलट पलटण, शादलुईच्या आधाराशिवाय, साखळीत अव्वल राहिली. तेव्हा वरच्या थरातले लालबुंद टोमॅटो बघून टोपली उचलू नये, हे भाजीच्या बाबतीत ज्यांना पुरेपूर कळतं, त्यांनी खेळाडूंच्या बाबतीत ते का विसरावं?

आता जरा मॅटवर उतरू. चढाईसाठी ३० सेकंद असतात आणि समोर सात जण. चढाईपटूला निदान रेषा ओलांडावीच लागते. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तर मागची बोनस रेषाही त्याला खुणावते. तिथे पाय टाकायला तो गेला की कोपरारक्षकाची वेळ येते. तो घोटा धरतो. पण घोटा धरून माणूस थांबत नाही, तो मध्यरेषेकडे झेपावतो आणि दोन-तीन जणांना ओढून नेतो. म्हणून त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने अंग मध्ये घालून वाट अडवायची असते किंवा धडक देऊन त्याला बाहेर ढकलायचं असतं. गुण कागदावर एकाच्या नावावर चढतो, काम दोघांचं असतं. मध्यरक्षक अर्ध्या सेकंदाने उशिरा आला, तर कोपरारक्षक बाद, आणि हात लावलेला मध्यरक्षकही बाद. दोन गुण गेले आणि बचावाला भगदाड पडलं.

म्हणून बचावपटू तोलायचे तर जोडीने तोलावेत, असं माझं ठाम मत आहे. पलटणच्या उजव्या बाजूला गौरव खत्री कोपऱ्यात आणि अबिनेश नादराजन त्याच्या शेजारी. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात हे दोघं होते, डावीकडे शादलुई आणि संकेत सावंत होते. नाव सगळीकडे शादलुईचं झालं आणि ते रास्तच होतं. पण डावा कोपरा इतका धोकादायक झाला की चढाईपटू उजवीकडे वळायचे, आणि तिथे खत्री-अबिनेशची जोडी वाट बघत असायची. ही उजवी बाजू पुण्याच्याच जर्सीत नावारूपाला आली. २०२५मध्ये डावीकडे नवी माणसं आली तरी पलटण कोसळली नाही, याचं श्रेय मी या जुन्या उजव्या बाजूला देतो. अर्थात अस्लम इनामदारसारखा चढाईपटूही गरजेला बचावात उतरतो, हे सोडून चालणार नाही.

दुसरी गोष्ट पकडीच्या गुणांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. ती म्हणजे न केलेली पकड. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. शहाणा बचाव पहिल्या दोन चढायांत हात आखडता घेतो. चढाईपटू पाय पुढे करून आमिष दाखवतो, कोपरारक्षक जागचा हलत नाही. प्रेक्षक ओरडतात, “अरे धर ना!” तो धरत नाही. तिसऱ्या चढाईला मात्र समोरच्याला आत यावंच लागतं. कोणता कोपरारक्षक उतावीळ आहे हे पाहायचं असेल तर त्या पहिल्या दोन चढाया पाहाव्यात. तरुण बचावपटू इथेच फसतात, कारण टाळ्या पकडीला मिळतात.

मैदानात तिघंच उरले असतील तर हिशेब वेगळा. तेव्हा पकड झाली तर दोन गुण, आपण त्याला अव्वल पकड म्हणतो. चुकली तर लोण दारात. लोण म्हणजे समोरच्याला वरचे दोन गुण. अशा वेळी आवाज देणारा एक माणूस लागतो. वयाने मोठा असलाच पाहिजे असं नाही, पण बाकीच्यांनी त्याचं ऐकलं पाहिजे.

पलटणची कच्ची बाजूही सांगतो. २०२५च्या बाद फेरीत तेलुगू टायटन्सविरुद्ध पलटण ५०-४५ अशी जिंकली. पुण्यात त्या विजयाचा जल्लोष झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण ४५ गुण देणारा बचाव अंतिम सामन्याच्या आदल्या टप्प्यावर असा सैल दिसावा, हे मला तेव्हाच खटकलं. अंतिम सामना दिल्लीत, दबंग दिल्लीशी. पलटण ३१-२८ अशी हरली. शेवटच्या क्षणांत आदित्य शिंदे चढाईला गेला आणि त्याला ज्याने धरलं तो होता फजल अत्राचली, पलटणचा एकेकाळचा कर्णधार. पलटणचा प्रशिक्षक होता अजय ठाकूर. २०१६मध्ये अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ज्याने इराणचा बचाव फोडला तोच अजय, आणि त्या इराणी बचावात फजल होता. कबड्डीतले हिशेब असे वर्षानुवर्षं चालू राहतात.

फजलची ती पकड मी पुन्हा पुन्हा पाहिली. ताकदीपेक्षा त्यात थांबणं जास्त आहे. पुण्याला पुढच्या मोसमासाठी डाव्या कोपऱ्यात असा थांबणारा माणूस हवा. तो इराणचाच असावा असं काही नाही, युवा पलटणमधला एखादा पोरगाही चालेल. फक्त त्याला पहिले पाच सामने गुण मिळाले नाहीत म्हणून बाकावर बसवू नये, आणि शेजारचा मध्यरक्षक दर सामन्याला बदलू नये.

पहिल्या सामन्याला एक करून पाहा. टीव्हीवरचा कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावेल. तुम्ही दहा चढाया त्याच्याकडे पाहूच नका. डाव्या कोपऱ्यातल्या माणसाचे पाय पाहा आणि त्याच्या शेजाऱ्याचा खांदा पाहा. दोघं एकदम हलतात की एकामागून एक, एवढंच मोजा. मग सोमवारी मंडईत कोणी पकडीच्या गुणांचा तक्ता पुढे केला, तर तुमचा आकडाही सांगा.