भाग 14 : अ‍ॅम्प का जळतो? ओहमचं गणित, कासा ते तलासरी

आज आवाज जरा खाली ठेवून बोलतोय, कारण भाऊ उंबरगावहून रात्रपाळी करून आलाय आणि बाजूच्या खोलीत झोपलाय. तेव्हा हेडफोन लावूनच ऐका.

विषय आहे गाडीतला साउंड. त्यातही एकच गोष्ट, ओहम. तुमच्यापैकी बरेच जण सब घेताना विचारतात, "किती वॉटचा?" मीही तेच विचारलं होतं, आणि त्यापायी एक अ‍ॅम्प घालवला. अ‍ॅम्प गेला त्याचं फार काही नाही. गाडीत तेव्हा आत्या होती आणि तिची दोन नातवंडं होती, ते मात्र अजून डोक्यातून जात नाही.

झालं असं. माझी इको, सीएनजीवाली. मागे टाकी आणि टाकीच्या बाजूला बसेल असा बारा इंची सबचा बॉक्स. अ‍ॅम्प दोन चॅनलचा, मागच्या सीटच्या पाठीला स्क्रू मारून बसवलेला. म्हणजे टाकीपासून हातभर अंतरावर. सब घेतला तो डबल कॉईलचा, त्यावर लिहिलेलं 4+4. दुकानातल्याने दोन्ही कॉईल एकत्र जोडल्या, अ‍ॅम्प ब्रिज केला आणि वाजवून दाखवलं. काय वाजला राव! आरसा हलत होता. पैसे दिले आणि निघालो. दुकानाचं नाव घेणार नाही, कारण पुढची अर्धी चूक माझीच आहे.

आठ दिवसांनी अ‍ॅम्पचा फ्यूज उडाला. त्यात वीस-वीस अँपिअरचे दोन फ्यूज होते. नवीन टाकले, परत उडाले. मग मी शहाणपणा केला आणि तीस-तीसचे टाकले. आता उडेना! मला वाटलं, जमलं.

मे महिन्यात कासाला हळद होती. रात्री परत येताना चारोटीवरून हायवेला लागलो, पोरांनी गाणी लावायला सांगितली, आवाज चढवला. धुंदलवाडीच्या आसपास आत्या म्हणाली, "अरे, काहीतरी जळतंय रे." मी म्हटलं, बाहेर कुणी पाला पेटवला असेल. दोन मिनिटांनी गाणं बंद, आणि मागून धूर. गाडी बाजूला घेतली, पोरांना आधी उतरवलं, बॅटरीची वायर हाताने ओढून काढली. अ‍ॅम्पला हात लावला तर तव्यासारखा. सीटचं कापड वितळायला लागलं होतं. पुढे काही झालं नाही. पण आत्या त्यानंतर माझ्या गाडीत बसली की आधी वळून मागे बघते.

आता हे का झालं ते बघू.

ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. 1827 साली गेऑर्ग ओहमने त्याचा नियम मांडला, म्हणून त्याचं नाव. स्पीकरच्या बाबतीत त्याला इम्पिडन्स म्हणतात, कारण स्पीकरमध्ये बॅटरीसारखी सरळ वीज जात नाही, मागे-पुढे होणारी जाते, आणि कॉईलचा अडथळा प्रत्येक सुराला थोडा वेगळा असतो. डब्यावरचा 4 ओहम हा ढोबळ आकडा आहे. काम त्यावर भागतं.

आपण सगळे टोल भरतो, तर टोलवरच सांगतो. तलासरीहून मुंबईला निघालात की आधी चारोटीचा टोल, मग खानिवड्याचा. एकामागून एक. दोन्हीकडे थांबावं लागतं, अडथळ्यांची बेरीज होते. ही झाली सिरीज. 4 आणि 4 सिरीजमध्ये, 8 ओहम. आता समजा चारोटीला एकच लेन चालू आहे आणि त्यांनी बाजूची दुसरी उघडली. अडथळा निम्मा झाला, तेवढ्याच वेळात दुप्पट गाड्या सुटल्या. हे पॅरलल. 4 आणि 4 पॅरललमध्ये, 2 ओहम.

लेन उघडल्यावर गाड्या सुसाट सुटतात, मजा येते. पण इथे त्या गाड्या पुरवायच्या कुणी? अ‍ॅम्पने. अडथळा निम्मा केला की अ‍ॅम्पमधून करंट दुप्पट ओढला जातो. माझा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये 4 ओहमला 300 वॉट आरएमएसचा. म्हणजे साधारण साडेचौतीस व्होल्ट आणि पावणेनऊ अँपिअर. त्यालाच 2 ओहम लावला की तो सव्वासतरा अँपिअर द्यायला बघतो. आतले ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठी बनवलेलेच नसतात. ते तापतात, मग फ्यूज उडतो. फ्यूज बिचारा आपलं काम करत होता, मीच त्याचं तोंड बंद केलं.

ब्रिजची गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रिज केलं की दोन्ही चॅनल मिळून एकच सब ओढतात, आणि प्रत्येक चॅनलला निम्माच ओहम दिसतो. ब्रिजला 4 ओहम लावला तर प्रत्येक चॅनलला 2 दिसतो. मी 2 लावला, म्हणजे प्रत्येकाला 1 दिसला. अ‍ॅम्पच्या खाली स्टिकरवर स्पष्ट छापलं होतं : स्टिरिओ किमान 2 ओहम, ब्रिज किमान 4 ओहम. स्टिकर खाली, अ‍ॅम्प सीटला स्क्रूने बसवलेला, वाचणार कोण?

मग 4+4 वाल्या सबचं मी करायला काय हवं होतं? दोन्ही कॉईल सिरीजमध्ये जोडून ब्रिजला 8 ओहम. किंवा ब्रिज न करता एक कॉईल एका चॅनलला, दुसरी दुसऱ्याला, दोघांना एकच सिग्नल आणि दोन्ही गेन सारखे. दोन्ही पद्धतींत प्रत्येक चॅनलला 4 ओहमच दिसतो आणि पॉवरही तेवढीच मिळते, साधारण निम्मी, दीडशे वॉट. पण चालतो वर्षानुवर्षं.

आणि खरी हळहळ इथे आहे. त्याच सबचा 2+2 वाला प्रकार त्याच दुकानात, त्याच किमतीला होता. 2 आणि 2 सिरीजमध्ये, 4 ओहम. ब्रिजला बरोबर बसला असता, पूर्ण 300 वॉट, काही न तापता. म्हणून सब विकत घ्यायच्या आधी अ‍ॅम्पचा स्टिकर वाचायचा. किंवा सब आधी घेतलाय तर त्याच्या कॉईलवरून अ‍ॅम्प शोधायचा. दोन 4+4 चे सब घ्यायचे असतील तर चारही कॉईल पॅरलल केल्या की 1 ओहम होतो; प्रत्येक सबच्या दोन कॉईल सिरीज करून मग दोन सब पॅरलल केले तर 4 ओहम. मधला 2 ओहम काही केल्या निघत नाही! एक 4+4 चा सब मात्र 2 किंवा 8 च देतो, 4 कधीच नाही.

आता कुणीतरी म्हणेल, "दादा, हल्ली क्लास डी मोनो अ‍ॅम्प येतात, 1 ओहमला चालतात." येतात, खरं आहे. चांगले असतात. पण जरा हिशेब करा. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला कळतो, पण "अरे वा, थोडा वाढला" इतकाच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्या 3 डेसिबलसाठी बॅटरीवरचा भार दुप्पट, वायर दुप्पट जाड, उष्णता जास्त. माझं मत विचाराल तर तो पैसा बॉक्सवर घाला. मापाचा, घट्ट, न खडखडणारा बॉक्स. आपल्याकडे बॉक्स सुतार अंदाजाने ठोकतो आणि दोष अ‍ॅम्पला लागतो.

दारातल्या स्पीकरचं पटकन सांगतो. टेपवर 50 वॉट गुणिले 4 लिहिलेलं असतं, ते क्षणभराचं. गाडीच्या साडेतेरा-चौदा व्होल्टमध्ये टेपच्या आतला अ‍ॅम्प 4 ओहमला वीसेक वॉटच देतो. त्यालाच पुढच्या स्पीकरच्या वायरीला टोचून मागे आणखी दोन जोडले की 2 ओहम होतो, आणि टेप गरम होऊन बंद पडायला लागतो. बहुतेक टेपना 4 च्या खाली चालत नाही. कपॅसिटरवाला छोटा ट्विटर जोडला तर सहसा अडचण नाही, कारण कपॅसिटर खालचे सूर त्याच्याकडे जाऊच देत नाही.

मोजायचं कसं? साधा डिजिटल मीटर घ्या, 200 ओहमच्या खुणेवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावा. 0.3, 0.4 असं काही दाखवेल, ते नंतर वजा करायचं. मग अ‍ॅम्पमधून सबची वायर काढून तिच्या दोन टोकांवर मोजा. मीटर डब्यावरच्या आकड्यापेक्षा थोडं कमीच दाखवतो. 4 ओहमची कॉईल साडेतीनच्या आसपास. घाबरू नका. पण 4 असायला हवा तिथे 1.8 दिसला, तर तुमची जोडणी माझ्यासारखीच आहे.

गेनबद्दलही एक. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. सबची वायर काढून ठेवा, टेपचे बास-ट्रेबल शून्यावर, आवाज पाऊण, मोबाईलवर 50 हर्ट्झचा सलग टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर. किती व्होल्ट हवे? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 300 गुणिले 4, बाराशे, वर्गमूळ साडेचौतीस. गेन हळूहळू फिरवत तिथे थांबा. त्याच्या पुढे नेला की सूर कापला जातो आणि कॉईल भाजते. तो वास एकदा घेतला की विसरत नाही.

वायर तांब्याची घ्या. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त पडते, पण तेवढाच करंट नेत नाही. मेन फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. हा फ्यूज अ‍ॅम्पला नाही, वायरीला वाचवतो. मधेच वायर पत्र्याला घासली तर आग तिथून लागते. माझ्या गाडीत हा फ्यूज नव्हताच, हे मला धूर निघाल्यावर कळलं.

आणि आवाजाचं म्हणाल तर, रात्री दहा ते सकाळी सहा हा कायदा आहेच. पण आपल्या भागात अजून एक कारण आहे. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. जमिनीतून आधी धडाम असा आवाज, मग पत्रे थरथरतात. लोक थंडीत बाहेर झोपलेत, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरचे. नवीन सब बसवल्यावर मी एकदा रात्री पाड्यावर गाडी वाजवत आणली, तर शेजारची म्हातारी नात काखेत घेऊन अंगणात पळत आली होती. तिला गाणं ऐकूच आलं नव्हतं, फक्त जमीन आणि पत्रे. तेव्हापासून पाड्याच्या वळणावर मी सब बंद करतो. त्यासाठी डॅशबोर्डवर छोटा स्विच बसवलाय, अ‍ॅम्पच्या रिमोट वायरवर. ती बारीक वायर आहे, साधा स्विच पुरतो.

आता माझ्याकडे तोच सब आहे, सिरीजमध्ये, 8 ओहम. अ‍ॅम्प दुसरा घेतला, जुन्याच ताकदीचा. तो टाकीपासून लांब, खाली लाकडी फळी ठेवून, हवा लागेल असा बसवलाय, आणि स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवलाय. आरसा पूर्वीसारखा हलत नाही. मागच्या आठवड्यात आत्याला डहाणू रोड स्टेशनला सोडायला गेलो, तर तिनेच विचारलं, "तुझं ते वाजत नाही का रे आता?" वाजवलं. चारोटीपर्यंत तिने दोन वेळाच मागे बघितलं.

चला, भाऊ उठला वाटतं. पुढच्या भागात बॉक्सची मापं घेऊ, सुताराला कागदावर काय लिहून द्यायचं ते. भेटू.