जुन्या जीपगाडीचा जीर्णोद्धार

पूर्णगडच्या तटावर उभें राहिलें म्हणजे समोर अरबी समुद्र आणि बगलेस मुचकुंदी नदीचें मुख असा देखावा नजरेंत भरतो. किल्ला आटोपशीर, गांव लहान, आणि हवा अशी खारट कीं दाराच्या कडीकोयंड्यालाहि वरचेवर तेलाचा हात फिरवावा लागतो. अशा गांवीं एखाद्या घराच्या मागें, झापांच्या मांडवाखालीं, जुनी जीपगाडी टेकू देऊन उभी केलेली आढळली, तर कोंकणांत त्याचें कोणास नवल वाटणार नाहीं. तिचा धनी ती भंगारवाल्यास देत नाहीं. बागेंतल्या खडकाळ वाटेनें आंब्याच्या पेट्या उतरविण्यास तिच्यासारखें वाहन नाहीं, असें तो सांगतो. खरें पाहतां त्याचा तिच्यावर जीव जडलेला असतो. सुटीस मुंबईहून आलेला मुलगा मात्र म्हणतो, "बाबा, हिला मोठे टायर घालूं, चार इंच उंच करूं, इंजिनहि दुसरें बसवूं." असा वाद ज्या ज्या घरीं चालतो, तेथें दोन्ही पक्षांच्या उपयोगीं पडेल असें कांहीं सांगणें हा या भाषणाचा हेतु आहे.

ही गाडी मुळांत लढाईसाठीं जन्मली. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें पाव टन ओझें वाहणारी आणि चारहि चाकांना इंजिनाचा जोर पोंचविणारी हलकी गाडी मागविली, आणि पहिला नमुना सादर करण्यास अवघे ४९ दिवस दिले. पेन्सिल्व्हानियांतील बटलर गांवच्या बँटम कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करवून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं गाडी सैन्यापुढें उभी केली. परंतु यशाचा वाटा लहानाला क्वचितच मिळतो. पुढें लाखांनीं गाड्या बनविण्याचें काम गेलें तें विलिस व फोर्ड या थोरांकडे. त्यांनीं महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या बाहेर काढल्या. इंजिनाची शक्ति साठ घोड्यांची आणि पुढच्यामागच्या आंसांमधील अंतर ८० इंच. शिडीसारखी पोलादी चौकट, जिला कारागीर चासी म्हणतात. तिच्यावर पत्र्याचें सडें शरीर आणि तिच्याखालीं पाट्यांच्या कमानी. रणांगणावर साध्या शिपायानें साध्या हत्यारांनीं दुरुस्त करावी, अशीच ती रचली होती. आज ती घरच्या अंगणांत खोलतां येते याचें कारण हेंच.

युद्ध संपल्यावर डिस्पोझलच्या मालांतून अशा कित्येक गाड्या हिंदुस्थानांत खाजगी मालकांकडे आल्या. १९४५ सालीं महिंद्र बंधूंनीं गुलाम महंमद यांच्या भागीदारींत पोलादाच्या व्यापारासाठीं कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले व पुढें तेथील गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ सालीं कंपनीचें नांव महिंद्र आणि महिंद्र असें झालें. तिनें मुंबईस माझगांवांत विलिस जीपचे परदेशांतून आलेले भाग जोडण्याचें काम आरंभिलें आणि नंतर गाडी येथेंच बनूं लागली. प्रथम पेट्रोलचें, मग डिझेलचें, त्यांत पूजो या फ्रेंच कंपनीच्या जातीचेंहि, अशीं इंजिनें बदलत गेलीं. पण चौकट, कमानी व आंस यांचा घाट कित्येक दशकें तोच राहिला.

आतां जीर्णोद्धाराकडे वळूं. घरच्या कारागिराचा पहिला मोह इंजिनाचा असतो. पहिली दृष्टि मात्र चौकटीकडे जावी. समुद्राकांठचा गंज बाहेरून कमी व आंतून अधिक खातो. चौकटीचे कांहीं भाग पेटीसारखे पोकळ असतात. पाणी निघून जावें म्हणून त्यांना खालीं भोंकें ठेवलेलीं असतात, आणि नेमकीं तींच लाल चिखलानें बुजतात. मग आंत खारट ओल वर्षानुवर्षें मुरते आणि वरचा रंग शाबूत असतां पोलादाचा पापड होतो. हातोडीनें हलकेंच ठोकत जावें. खणखणीत नाद येईल तेथें भिण्याचें कारण नाहीं, बद्द आवाज येईल तेथें छिन्नी लावावी. सडलेल्या जागेवर वरून पत्र्याचें ठिगळ झाळणें म्हणजे गळूवर अत्तर लावणें होय. कुजका भाग निरोगी पोलादापर्यंत कापून काढावा आणि मगच तितक्याच जाडीचा तुकडा झाळावा. झाळण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी व पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी. रिकामी टाकी निरुपद्रवी, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी अधिक घातक, कारण तिच्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण कोंडलेलें असतें. काम झाल्यावर पोकळ भागांत तेल किंवा मेण फवारावें, आणि पुढें वाळूंतून वा खाजणांतून गाडी फिरून आली कीं तिचें पोट गोड्या पाण्यानें धुवावें. पावसाळ्याआधीं घर शाकारावें, होडी ओढून तिच्या फटी बुजवाव्या, हें ज्या किनाऱ्यावर कोणास शिकवावें लागत नाहीं, तेथें गाडीचेंहि तेंच आहे.

येथें एक धोक्याची सूचना. कोंकणांत हाताशीं असतो तो जांभ्याचा चिरा, आणि जॅक काढून गाडी चिऱ्यांच्या थरावर टेकविण्याची रीत सर्रास दिसते. घर बांधण्यास चिरा उत्तम. पण आंसाच्या टोकाचा भार एका बिंदूवर आला म्हणजे तो पूर्वसूचना न देतां दुभंगतो. गाडीखालीं शिरणाऱ्यानें लोखंडी घोडे किंवा जाड लांकडी ओंडके यांवरच विश्वास ठेवावा. नुसत्या जॅकवर तर मुळींच नाहीं.

चौकटीनंतर ब्रेक. याविषयीं थोडें सविस्तर बोलणें भाग आहे. जुन्या जीपमध्यें पायाच्या ब्रेकचें तेल एकाच मुख्य नळकांड्यांतून चारहि चाकांना जातें. आधुनिक गाडींत दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा कांहीं काम देतो. येथें मात्र एका चाकाची गंजलेली नळी फुटली कीं चारहि चाकें मोकळीं सुटतात. शिवाय हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि कोंकणच्या हवेंत ओलाव्याला तोटा नाहीं. ओलावा भिनलेलें तेल लवकर उकळतें. आंबा घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सारखा दाबून ठेवला कीं ड्रम तापतात, तेल उकळतें, नळींत वाफ होते. वाफ दबते, चाक थांबत नाहीं, आणि पाय फळीला टेकतो. म्हणून जीर्णोद्धारांतला पहिला रुपया नळ्या, रबरें व तेल यांवर खर्चावा. घाट ज्या गिअरमध्यें चढावा लागेल, त्याच गिअरमध्यें उतरावा, ही जुन्या सारथ्यांची रीत आजहि खोटी ठरलेली नाहीं. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ड्रममधील धूळ फुंकून उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ती फुप्फुसांत गेली तर पुन्हा निघत नाहीं.

आतां मुलाच्या मागण्या. मोठ्या टायरांचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. मूळ चाक २८ इंच व्यासाचें आहे असें धरूं. त्या जागीं ३१ इंची बसविलें. व्यास तीन इंचांनीं वाढला, पण आंस वर गेला तो त्याच्या निम्मा, म्हणजे दीडच इंच. एका फेऱ्यांत पूर्वीं गाडी सुमारें ८८ इंच जात होती, ती आतां ९७ इंच जाऊं लागली. म्हणून वेगदर्शकाचा कांटा ५० दाखवितो तेव्हां खरा वेग ५५ असतो; चढावर इंजिनाचा जोर दहावा हिस्सा कमी पडतो; आणि तोच जुना ब्रेक आतां अधिक जड व अधिक लांब त्रिज्येच्या चाकाशीं झगडतो. कमानी उंच करण्याचा प्रकार याहून फसवा आहे. त्यानें शरीर वर जातें, पण आंसाच्या मध्याचा फुगीर गोळा, जो खडकावर आपटतो, तो केसभरहि वर जात नाहीं. गुरुत्वमध्य मात्र उंचावतो व वळणावर गाडी उलटण्याची भीति वाढते. स्टेअरिंग पूर्वींसारखें आपोआप सरळ होत नाहीं. इंजिनाचा जोर मागें नेणाऱ्या दांड्याचे सांधे वांकड्या कोनांत फिरून लवकर झिजतात. इंजिन जबर बसविलें तर तो जोर जुन्या गिअरांनीं व आंसांनीं सोसावयाचा असतो, आणि ते बिचारे साठ घोड्यांच्या हिशेबानें घडविलेले! यंत्राचें घर हें एकत्र कुटुंबासारखें आहे. एकाला बढती मिळाली कीं तिचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतोच.

मग मुलानें कांहींच करूं नये काय? तसें नाहीं. वाळूवर गाडी रुतली असतां टायरमधील हवा कांहींशी कमी केली तर त्याचा जमिनीवरील ठसा लांबतो व चाक तरंगल्यासारखें चालतें; हा उपाय फुकट आहे. डांबरी रस्त्यावर येतांच हवा पुन्हा भरावी, नाहीं तर टायर तापून फाटतो. चारहि चाकांचा जोर चिखलांत, वाळूंत, ओल्या मातीवर लावावा. कोरड्या डांबरीवर लावूं नये, कारण वळणावर पुढचीं व मागचीं चाकें वेगवेगळें अंतर कांपतात व तो ताण सोडविणारी योजना या गाडींत नाहीं. ओहोळ ओलांडण्याची हौस असेल तर आंसाच्या श्वासछिद्राला रबरी नळी जोडून ती उंच न्यावी. तापलेला आंस थंड पाण्यांत शिरला कीं आंतील हवा आकुंचन पावते आणि छिद्रांतून, सांध्यांतून पाणी ओढून घेते. नंतर तेल काढून पाहावें. तें दुधाळ दिसलें तर पाणी गेलें असें समजून तत्काळ बदलावें. इंजिनाच्या हवेच्या वाटेनें पाणी शिरलें तर प्रसंग कठीण. हवा दबते, पाणी दबत नाहीं. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वांकतो. पाण्यांतून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबीत थोडें अंतर जावें, म्हणजे ओले ड्रम सुकतात.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, कारखानदारानें नमूद केलेल्या मूळ रचनेपासून नोंदणीची माहिती बदलेल असा फरक गाडींत करतां येत नाहीं. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें विनापरवाना फेरफाराबद्दल प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. त्याच जातीचें इंजिन बदलणें, इंधन बदलण्याचा मान्य संच बसविणें, अपंग व्यक्तीस चालवितां यावी म्हणून गाडी जुळवून घेणें, यांस वाट आहे. पण ती परिवहन कार्यालयाच्या दारांतून जाते. कित्येकांना हा कायदा जाचक वाटतो. परंतु घरच्या अंगणांत लांबविलेल्या कमानीचा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर होतो, आणि समोरून एस. टी. येत असते, हें विसरून चालणार नाहीं.

याचें एक हृद्य उदाहरण सांगली जिल्ह्यांत घडलें. यशवंतराव चव्हाणांचें जन्मस्थान असलेल्या देवराष्ट्रे गांवीं दत्तात्रय लोहार या लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनीं मुलाच्या हौसेखातर भंगारांतील सामानांतून जीपच्या घाटाची एक चिमुकली चारचाकी बनविली. खर्च सुमारें ६०,००० रुपये. आणि ती सुरू होई दुचाकीसारखी लाथेनें! डिसेंबर २०२१ मध्यें आनंद महिंद्र यांनीं तिची वाखाणणी केली, पण ती नियमांत बसत नसल्यानें आज ना उद्यां रस्त्यावर अडविली जाईल हेंहि स्पष्ट सांगितलें, आणि तिच्या बदल्यांत बोलेरो देऊं केली. जानेवारी २०२२ मध्यें ती लोहार कुटुंबास मिळाली. कौतुक आणि कायदा दोन्ही एकत्र असावे, असा योग क्वचित येतो.

जीप ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २०२१ सालच्या नियमांप्रमाणें अशा गाडीस पुराणवाहन म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, दहा वर्षांच्या मुदतीची. मात्र चौकट, शरीर व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे मुलानें हौसेनें चढविलेलें नवें इंजिन हा मान घालवून बसतें. शिवाय अशी गाडी प्रदर्शनास व मेळाव्यास नेतां येते, रोजच्या कामास नाहीं. बागेंत राबणाऱ्या जीपला ती नोंदणी उपयोगाची नव्हे. तिला पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं होणारी साधी फेरनोंदणीच करून घ्यावी, आणि तपासणीस नेण्याच्या आधीं एक दिवस ब्रेक, दिवे, भोंगा, स्टेअरिंगचा ढिलेपणा व धूर एवढें उजेडीं नीट पाहून ठेवावें.