शनिवारचा शक्तिमान

दुपारची भांडी आवरून बसला असाल, नाहीतर भाजी निवडायला घेतली असेल. हात चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या.

आज एका जुन्या मालिकेची गोष्ट सांगते. ज्यांची मुलं आता तिशीच्या घरात आहेत, त्या लगेच ओळखतील. एक हात वर करून गरगर फिरणारा, लाल कपड्यांतला शक्तिमान!

सप्टेंबर १९९७ मध्ये तो दूरदर्शनवर आला. शनिवारी सकाळी आणि मंगळवारी संध्याकाळी. आपल्याकडे शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटली की दप्तर पाठीवर आपटत पोरं थेट टीव्हीवाल्या घरी. आमच्या गल्लीत टीव्ही दोनच घरांत. एकजण छपरावर अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! गेलं, गेलं!"

ही मालिका काढली मुकेश खन्ना यांनी. 'महाभारत'मध्ये भीष्म झाले होते ते. शक्तिमानही तेच झाले आणि गंगाधरही. गंगाधर म्हणजे चष्मा लावणारा, पुढे दात असलेला, वर्तमानपत्रात फोटो काढणारा वेंधळा माणूस. शक्तिमानची ताकद योगसाधनेतून, पंचमहाभूतांतून आलेली. समोर अंधाराचा राजा तमराज किल्विष. भाग संपला की 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असायचं. त्यात स्वच्छता, शिस्त, चांगलं वागणं यांविषयी शक्तिमान मुलांशी बोलायचा. मी दहादा सांगून जे होत नव्हतं, ते त्यानं एकदा सांगितलं की व्हायचं. मला बरंच वाटायचं. पोरगा तासभर एका जागी बसतोय, तेवढ्यात माझा स्वयंपाक उरकतोय.

एक दिवस भाकरी थापत होते. सहा वर्षांचा मुलगा शेजारी येऊन म्हणाला, "आई, मी गच्चीवरून पडलो तर शक्तिमान येईल ना?"

मी तव्याकडं बघत म्हणाले, "येईल हो. आधी जेव."

त्याच सुमारास पेपरांत बातम्या येऊ लागल्या की शक्तिमान वाचवायला येईल म्हणून मुलं स्वतःला इजा करून घेतायत. किती खरं, किती खोटं, यावर तेव्हा वाद झाला. मालिकेवर हा ठपका बरोबर नाही, असं खन्ना यांचं म्हणणं होतं. मुलांनी असले प्रकार करू नयेत, हे ते स्वतः पडद्यावर येऊन सांगायचे. पण बातमी वाचली आणि माझ्या हातापायातलं बळच गेलं. मालिकेनं काय केलं ते बाजूला राहू द्या. "येईल" असं मी सांगितलं होतं. माझ्या तोंडून निघालेला शब्द होता तो.

त्या शनिवारी चूल विझवून मी त्याच्याबरोबर बसले. तो उडाला की विचारलं, "हा कसा उडतो रे?" मग सांगितलं, की ही माणसं नट आहेत, त्यांना दोरीनं बांधतात, कॅमेऱ्याची करामत असते. पोरगा जरा हिरमुसला. मग म्हणाला, "म्हणजे गंगाधरचे दातपण खोटे?" दोघंही हसलो.

आता ही मालिका बंद का झाली, तेही ऐका. तेव्हा अशा मालिकांसाठी निर्मात्यालाच दूरदर्शनकडे वेळेचे पैसे भरावे लागत. मग त्या वेळेतल्या जाहिराती विकून त्यानं खर्च भरून काढायचा. बाजारात गाळा भाड्यानं घेतल्यासारखंच. खन्ना यांनीच मुलाखतींत सांगितलंय, की सुरुवातीला ३ लाख ८० हजार रुपये भरावे लागायचे. मुलांना सुट्टी असते म्हणून मालिका रविवारी नेली, तेव्हा ७ लाख ८० हजार झाले. १०४ भाग झाल्यावर १० लाख ८० हजार, आणि पुढे १६ लाखांची गोष्ट निघाली. गिऱ्हाईक वाढलं म्हणून गाळ्याचं भाडं वाढावं, आणि त्यातच दुकान बंद व्हावं, तसं झालं. तोवर केबलही घरोघर पोचली होती. दिवसभर कार्टून दाखवणारी चॅनेलं आली होती. शनिवार-रविवारची वाट बघायचं कारणच उरलं नाही. मार्च २००५ मध्ये शक्तिमान संपला.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं तो पुन्हा दाखवला. माझा मुलगा आपल्या मुलीला घेऊन बसला होता. पाच मिनिटांत ती कंटाळली आणि मोबाईल घेऊन कोपऱ्यात गेली. ती काय बघतेय, हे मला दिसत नव्हतं, आणि तिच्या बापालाही नाही.

तेव्हा गल्लीतली वीस पोरं एकच गोष्ट बघायची. एखादं काही वेडंवाकडं बोललं, तर दुसरं पोर येऊन सांगायचं. आता प्रत्येकाची गोष्ट वेगळी आणि कोपराही वेगळा. म्हणून एवढंच म्हणेन, आठवड्यातून एकदा तरी मुलाशेजारी बसून तो बघतोय ते बघा. मधेच विचारा, "हे खरं असतं का रे?" आणि त्यानं काही विचारलं, तर तवा खाली उतरवून उत्तर द्या. भाकरी एखादी करपली तरी चालेल.

येते मैत्रिणींनो. पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.