कायदा कुणाच्या कपाटात?

(मानखुर्दच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओता, असं धर्मसूत्रात लिहिणारे अडाणी नव्हते. ज्याला नियम ठाऊक त्याच्या हातात काठी, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आज कुणी शिसं ओतत नाही. आज नियम इंग्रजीत असतो आणि वकिलाच्या काचेच्या कपाटात असतो. चौकीतला साहेब म्हणतो, "ह्यात केस बसत नाय, घरी जा." आणि आपण मुकाट घरी जातो.

ते कपाट आता उघडं पडलंय. तुमच्या खिशातल्या ज्या मोबाईलवर तुम्ही रात्रभर रील्स बघता, त्याच मोबाईलवर ते उघडतं.

शेजारच्या गोवंडीचं बघा. डिसेंबर २०१९ मध्ये एका खाजगी सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. असं कुणी मेलं की एरवी काय होतं? ठेकेदार हातावर चार पैसे ठेवतो, कागदावर अंगठा घेतो, प्रकरण मिटतं. पण सर्वोच्च न्यायालयानं २७ मार्च २०१४ लाच सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात सांगून ठेवलं होतं, की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना १० लाख द्या. गोवंडीच्या तिन्ही विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं प्रत्येकीला १० लाख द्यायला लावले.

आता पुढचं ऐका. २० ऑक्टोबर २०२३ ला बलराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही रक्कम ३० लाख केली. उद्या आपल्या वस्तीत असं प्रेत आलं आणि इथल्या पोराला फक्त २०१४ चा निकाल सापडला, तर त्या बाईच्या पदरातले २० लाख आपल्या अर्धवट वाचनानं गेले. म्हणून निकाल सापडला की लगेच नाचायचं नाही. तो अजून जिवंत आहे का, हे आधी तपासायचं.

ॲट्रॉसिटीचंही तेच. २० मार्च २०१८ ला, मूळ कराडच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं आधी चौकशी, मग गुन्हा असं सांगून कायद्याचे दात काढले. २ एप्रिलला देश बंद झाला. त्याच वर्षी संसदेनं कलम १८-अ घातलं. १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयानं स्वतःचे ते आदेश मागे घेतले, १० फेब्रुवारी २०२० ला १८-अ कायम केलं. तरी नेटवर २०१८ चा निकाल अजून पडलेलाच आहे. कुणी तो तोंडावर फेकला तर घाबरू नका, पुढच्या तीन तारखा सांगा. त्याच कायद्याचं कलम ४ वाचून जा. तक्रार लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं आणि तिची प्रत लगेच देणं, हे साहेबाचं कर्तव्य आहे. उपकार नव्हे.

आता कुठं शोधायचं ते लिहून घ्या. केंद्राचे कायदे इंडिया कोड ह्या सरकारी साइटवर. निकाल इंडियन कानूनवर, २००८ पासून, फुकट. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल ई-एससीआरवर, जानेवारी २०२३ पासून फुकट, काहींचं मराठी भाषांतरही मिळतं. भाषांतर समजून घ्यायला वापरा, कोर्टात मूळ इंग्रजीच दाखवा. घरच्या केसची पुढची तारीख ई-कोर्ट्सवर. तिथं सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर लागतो, तो वकिलाकडून मागून घ्या. आणि १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. जुन्या निकालात एफआयआरचं कलम १५४ दिसेल, ते आता नागरिक सुरक्षा संहितेत १७३ आहे.

एक धोका सांगतो. प्रश्न विचारला की फाडफाड उत्तर देणारं मशीन आता सगळ्यांकडे आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी त्याच्याकडून खटले मागवून कोर्टात दिले. ते खटले कधी झालेच नव्हते! जून २०२३ मध्ये त्यांना ५ हजार डॉलर दंड झाला. मशीननं खटल्याचं नाव सांगितलं तर मूळ निकाल उघडा. उघडला नाही, तर तो निकाल नाही.

काही पोरं म्हणतील, हा बाबूगिरीचा धंदा झाला, आपलं काम मोर्चाचं. अरे, बाबासाहेब १९२७ ला चवदार तळ्यावर गेले आणि त्याच तळ्याचा दावा कोर्टात लढत राहिले. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. दहा वर्षं! रस्ता त्यांनी सोडला नाही आणि कागदही सोडला नाही.

तेव्हा येत्या रविवारपासून प्रत्येकानं एक निकाल काढून आणायचा आणि इथं मोठ्यानं वाचायचा. वर तीन गोष्टी लिहायच्या: खटल्याचं नाव, न्यायालय, तारीख. खाली चौथी: तो आजही लागू आहे का. आणि कोर्टात उभं राहायची वेळ आली तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२ लक्षात ठेवा. अनुसूचित जाती-जमातींना आणि बायांना वकील फुकट मिळतो, मग कमाई कितीही असो. फोन १५१००. हा नंबर घरोघरी भिंतीवर लिहा.

जयभीम.