अंगणातले पक्षी आणि त्यांची नावे



पक्षी पाहायचे तर अभयारण्यच गाठले पाहिजे, असा एक समज रूढ आहे. १९३० साली हाती नोकरी नसताना सालीम अली अलिबागजवळ किहीम येथे राहिले आणि घराजवळच्या सुगरणींची वसाहत नित्य पाहू लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानी आले, की घरटे विणतो तो नर. मादी ते पारखून घेते; तिने ते स्वीकारले, की नर दुसऱ्या घरट्यास आरंभ करतो. मराठीत या पक्ष्याचे नाव ‘सुगरण’, गुजरातीत ‘सुगरी’. दोन्ही भाषांनी कसब अचूक हेरले. विणकर ओळखण्यात मात्र दोन्ही चुकल्या. कोकिळेचेही तसेच. वसंतातली ती प्रसिद्ध ‘कुहू’ काळ्याभोर नराची असते. मादी तपकिरी, ठिपकेदार असते.

म्हणून नाव हे निरीक्षणाचे पहिले पाऊल होय, शेवटचे नव्हे. पण ते पहिले पाऊल मोलाचे आहे. तांब्यावर हातोडी पडावी तसा ‘टुक टुक’ नाद करणारा तो तांबट. गुजरातीत तोच ‘कंसारो’. जिवंत पानांच्या कडा कापसाने व कोळ्याच्या धाग्याने शिवणारा तो शिंपी, गुजरातीत ‘दरजीडो’. गुजरातेत वाढणाऱ्या मराठी मुलाला ही दोन्ही नावे ठाऊक असली, तर एकाच पक्ष्याकडे पाहणारे दोन शेजारी त्याला भेटतात. दोन्ही विसरली, तर झाडावर केवळ ‘एक पक्षी’ उरतो.

ओळख पटवण्याची रीत सोपी आहे. प्रथम आकार पाहावा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? मग चोच, शेपटी, चाल आणि आवाज. काळापांढरा, शेपटी उभारून कुंपणावर गाणारा दयाळ एकदा नीट पाहिला, की पुन्हा विचारावे लागत नाही. वहीत दिनांक, वेळ, जागा, संख्या आणि पक्षी काय करीत होता, एवढे लिहावे. नाव न कळल्यास जागा कोरी ठेवावी. अंदाजाने भरू नये. घरट्याजवळ जाऊ नये, फांदी वाकवून आत डोकावू नये.

एक गोष्ट मात्र पालकांच्याच हाती आहे. तांबट वाळलेल्या, ठिसूळ फांदीत ढोली कोरतो आणि वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगतो. स्वच्छतेच्या नावाखाली प्रत्येक सुकी फांदी तोडली जाते, तेव्हा त्याचे घरच जाते. जिच्यापासून कोणास धोका नाही, अशी एक तरी फांदी राखावी. तांबटाचा ठोका अंगणात ऐकू येत राहिला, तरच त्याचे नाव मुलांना शिकवण्यात अर्थ आहे.