मुलींची अनियमित पाळी : घरात ठेवायचा हिशेब

(माता-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'मुलींचे आरोग्य' असा मोघम छापला आहे. मी तो उघड करून सांगते. मी मुलींच्या मासिक पाळीबद्दल आणि विशेषतः ती वेळेवर न येण्याबद्दल बोलणार आहे. वडीलमंडळींनी उठून जाऊ नये, ही विनंती. मुलीला डॉक्टरकडे न्यायचे की नाही, हे बऱ्याच घरांत तुम्हीच ठरवता. तेव्हा ऐकायलाही तुम्ही हवेतच.

प्रथम एक हकिगत सांगते. चौदा वर्षांच्या एका मुलीला तिची अम्मी माझ्याकडे घेऊन आली. तक्रार एवढीच, की मुलगी थकते, माहीम स्टेशनचा पूल चढताना तिला धाप लागते. अम्मीला टॉनिक लिहून हवे होते. मी पाळीबद्दल विचारले, तर मुलीच्या आधी अम्मीच म्हणाली, "येते की बरोबर." मुलगी खाली बघत राहिली. अम्मीला थोडा वेळ बाहेर बसवले, तेव्हा कळले की आठ महिने पाळी दीड-दोन महिन्यांनी येत होती, आणि आली की बारा-बारा, चौदा-चौदा दिवस थांबत नव्हती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ६ निघाले. या वयात ते १२ च्या खाली असू नये. मुलीने कोणाला सांगितले नाही, कारण सगळ्यांचे असेच असते अशी तिची समजूत होती. आणि अम्मीने विचारले नाही, कारण तिला तिच्या अम्मीने कधी विचारले नव्हते.

आता पाळी येते कशी, ते थोडक्यात पाहू. आपल्या शेजारच्या परळ-लालबागमध्ये 'पाळी' म्हटले की जुन्या माणसांना गिरणीची पाळी आठवते. भोंगा झाला की खात्यावरचे कामगार बदलत. शरीरातही असाच एक भोंगा आहे, पण तो पोटात नसून डोक्यात आहे. मेंदूच्या तळाशी असलेले एक केंद्र पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देते, ती ग्रंथी बीजांडकोशाला इशारा देते, आणि तिथे दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. बीज पिकत असताना इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होते व गर्भाशयाचे अस्तर जाड होते. बीज सुटल्यावर दुसरे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, ते अस्तर घट्ट धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरके ओसरतात आणि अस्तर रक्ताबरोबर बाहेर येते. त्यात घाणेरडे असे काही नाही.

नवा कामगार पहिल्याच दिवशी यंत्राला सरावत नाही. तसेच पहिली दोन-तीन वर्षे भोंगा होतो, पण प्रत्येक वेळी बीज सुटतेच असे नाही. बीज सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन नाही. अस्तर वाढतच राहते आणि मग जमेल तेव्हा, जमेल तसे गळते. म्हणून नव्याने वयात आलेल्या मुलीला कधी दोन महिने पाळी येत नाही आणि कधी आलेली लवकर थांबत नाही. बहुतेक मुलींत हे आपोआप स्थिरावते.

परंतु 'आपोआप होईल' या वाक्यालाही हद्द आहे, आणि ती हद्द आकड्यांत सांगता येते. पाळी मोजायची ती रक्त दिसल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. एक आई घाबरून म्हणाली, "महिन्यातून दोनदा येते हो, २ तारखेला आली नि ३० तारखेला पुन्हा!" मोजा, बरोबर २८ दिवस होतात. तारीख तीच पडली पाहिजे असा नियम नाही. पहिल्या वर्षात अंतर बरेच मागेपुढे होते. वर्ष उलटल्यावर २१ ते ४५ दिवसांचे अंतर आणि तीन वर्षांनंतर २१ ते ३५ दिवसांचे अंतर ठीक समजतात. यापेक्षा लवकर किंवा उशिरा वारंवार येत असेल तर दाखवावे. पहिले वर्ष झाल्यावर एकदा जरी ९० दिवस पाळी आली नाही, तरी दाखवावे. रक्त सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, किंवा तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, तर थांबू नये. चक्कर येत असेल तर त्याच दिवशी न्यावे. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पहिली पाळी आली नाही तर दाखवावे. आणि दर महिन्याला पोट दुखते पण रक्त येत नाही, अशी तक्रार असेल तर पंधराव्या वर्षाचीही वाट पाहू नये, कारण कधी बाहेरची वाटच जन्मतः बंद असते. ते लहानशा शस्त्रक्रियेने सुटते.

आता कारणांकडे वळते. सर्वांत साधी कारणे घरातलीच असतात. खाणे एकदम कमी केले, वजन झपाट्याने उतरले, फार व्यायाम केला किंवा मनावर ताण आला, तर डोक्यातला तो भोंगा मंद होतो. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या सुमारास माझ्याकडे अशा मुलींची गर्दी असते. थायरॉईड ग्रंथी मंदावली किंवा अति काम करू लागली तरी पाळी बिघडते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. मानसिक आजारावरची व उलटीवरची काही औषधेही पाळी लांबवतात, म्हणून घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. क्षय फक्त फुप्फुसांचा असतो असे नाही; तो गर्भाशयातही शिरतो आणि पाळी कमी किंवा बंद करतो. घरात क्षयाचा रुग्ण झाला असेल तर ते लपवू नये.

पीसीओएस हा शब्द हल्ली शाळेतल्या मुलींच्याही तोंडी आहे. त्यात बीज वेळेवर सुटत नाही आणि पुरुषी समजली जाणारी संप्रेरके वाढतात. पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे जात नाहीत. पुष्कळ मुलींत इन्शुलिनचे कामही नीट होत नाही, आणि त्यामुळे मान काळवंडते. अम्मी तो मळ समजून बेसन लावून घासत बसते. तो मळ नव्हे, घासून मुलीची मान सोलू नका. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील तज्ज्ञांनी मुंबईतल्या १५ ते २४ वर्षांच्या मुलींची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध केली. एका कसोटीने शंभरात सुमारे २२ मुलींना आणि दुसऱ्या, कडक कसोटीने सुमारे १० मुलींना हा विकार आढळला. त्यांतल्या शंभरातल्या सत्तराहून अधिक मुली लठ्ठ नव्हत्या. तेव्हा 'आमची सडपातळ आहे, तिला कसे होईल?' असे म्हणू नका. त्याच दोन आकड्यांवरून हेही समजावे, की कसोटी बदलली की रुग्णांची संख्या बदलते. म्हणून पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत नुसत्या सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असा २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाचा सल्ला आहे. कोवळ्या वयात बीजांडकोशात बारीक पुटकुळ्या दिसणे स्वाभाविक असते. रिपोर्ट हातात धरून रडत आलेल्या किती तरी मुलींना मी हे सांगितले आहे.

अति रक्तस्रावाचे एक कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार. फिनलंडच्या डॉ. एरिक फॉन विलेब्रांट यांनी १९२६ मध्ये एका कुटुंबातल्या अशा विकाराचे वर्णन केले. ज्या लहान मुलीवरून त्यांनी शोध सुरू केला, ती पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीत, रक्तस्रावाने गेली. आज या विकारावर औषधे आहेत. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत त्याच्या तपासण्या होतात. पहिल्या पाळीपासूनच भरमसाट रक्त जात असेल, नाकातून घोळणा फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर हे आवर्जून सांगा.

आणखी एक कारण आपण स्वतः ओढवून घेतो. रमजान आला, घरात लग्न निघाले, उमऱ्याला जायचे ठरले, की मुलीला पाळी पुढे ढकलायची गोळी दिली जाते. दुकानदाराकडून आणलेली, शेजारणीने सांगितलेली. डॉक्टरांना विचारून, एखाद्या वेळी घेतली तर सहसा अपाय होत नाही. पण वरचेवर, मनाने, अर्धवट घेतली की मधेच डाग दिसतात आणि मूळची पाळी कशी होती तेच कळेनासे होते. रोजे सुटले तर ते पुढे कजा करता येतात. ती सवलत असताना चौदा वर्षांच्या पोरीला महिनाभर गोळ्या का चाराव्यात, हे मला समजलेले नाही.

कजा रोज्यांवरून आठवले. आपल्या घरांतल्या बायका हिशेब ठेवत नाहीत असे नाही. माझ्या नानीला लिहिता येत नव्हते, तरी रमजानातले किती रोजे राहिले ते तिला पक्के ठाऊक असे, आणि ती ते पुरे करी. म्हणजे वर्षातून एक महिना प्रत्येक घरात पाळीची नोंद होतेच. ती उरलेले अकरा महिने करा, एवढेच माझे म्हणणे आहे. कॅलेंडरवर पहिल्या दिवशी एक ठिपका आणि शेवटच्या दिवशी एक ठिपका. भिंतीवर लावायला लाज वाटत असेल तर वहीच्या मागच्या पानावर. मोबाईलवरही चालेल, पण कागद चार्ज करावा लागत नाही.

आणि लाजेचे म्हणाल तर आपल्या फिकहच्या ग्रंथांत या विषयावर सबंध प्रकरणे आहेत. पाळीच्या रक्ताला हैज आणि त्याव्यतिरिक्त जाणाऱ्या रक्ताला इस्तिहाजा, असे दोन वेगळे शब्द त्यांनी ठेवले. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी आपले रक्त थांबत नाही, तर नमाजचे काय करावे, हे खुद्द पैगंबरसाहेबांना विचारले होते, आणि त्यांना उत्तर मिळाले होते. ज्यांच्या दर्ग्यामुळे माहीमचे नाव दूरवर गेले ते मखदूम अली माहिमी स्वतः फकीह होते. मसला काय आहे ते आलिमांना विचारा. मी डॉक्टर आहे, माझे काम रक्त का जाते ते पाहण्याचे.

दवाखान्यात काय होईल, याची आयांना फार धास्ती असते. अविवाहित मुलीची आतून तपासणी बहुधा लागतच नाही. सोनोग्राफी पोटावरून होते. त्यासाठी पाणी पिऊन लघवी रोखून जावे लागते, इतकेच. डॉक्टरांनी मुलीशी एकटीने बोलायचे म्हटले तर रागावू नका. काही प्रश्न सगळ्यांनाच विचारावे लागतात, त्यात तुमच्या मुलीवर संशय नसतो. 'लग्न झाले की पाळी नीट होते' हे मात्र साफ खोटे आहे. लग्नाने थायरॉईड बरा होत नाही आणि पीसीओएसही जात नाही. स्थळ मोडेल म्हणून उपचार लांबवला की तोच त्रास मुलगी सासरी घेऊन जाते, आणि तिथे ऐकून घेते ती वेगळेच.

रक्त भरून काढण्याचेही बोलले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींत शंभरात ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोहाची असते. ती बाकाखाली टाकू नका. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह शोषू देत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. मटण आणि कलेजी घरात शिजते, पण ताटात कोणाला किती पडते, तेही बघा.

त्या चौदा वर्षांच्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक आल्या. बीज सुटत नसल्याने होणारा तो रक्तस्राव होता. काही महिने गोळ्या व लोह दिले. आता ती कॉलेजात आहे आणि तपासणीला येताना वहीचे मागचे पान दाखवते.

भाषण संपल्यावर मी वाचनालयाच्या खोलीत बसणार आहे. आयांनी आधी यावे. मुलींनी नंतर, आणि एकेकटीने.